धाकटीचं पासिंग

अट डॉक्टरांनी स्वतः घातली होती, कुणी त्यांच्या गळ्यात मारली नव्हती, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. गाडी पासिंगला नेतो, ते लेकीला म्हणाले. पास झाली तर मी या घरात एकटा राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नापास झाली तर सामान बांधायला ये. तू म्हणशील त्या गावात, तू म्हणशील त्या खोलीत.

लेक म्हणाली, "चालेल." तिने फार विचार केला नाही, कारण ती त्या गाडीला लहानपणापासून ओळखत होती.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. बाजारपेठेच्या मागच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता आणि त्या भागातले निम्मे लोक अजून त्यांनी भरलेल्या दाढांनी जेवत होते. हात थरथरायला लागले तसा त्यांनी दवाखाना बंद केला. कुणी तक्रार करायच्या आत केला, याचा त्यांना अभिमान होता. बायको त्याआधीच गेली होती. मग उरलं घर, घराला लागून असलेलं गराज आणि गराजमध्ये ती.

ती म्हणजे दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. ज्यांनी ती बनवली त्यांना इंजिन उत्तम जमलं होतं. बाकीची गाडी जमायच्या आत कारखान्याला कुलूप लागलं. जेमतेम शे-दीडशे गाड्या बाहेर पडल्या असतील. त्यांतल्या किती शिल्लक आहेत हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. जुन्या गाड्यांच्या जाडजूड पुस्तकांत तिचा पानभर फोटो असायचा आणि खाली दोन ओळी: दिसायला अप्रतिम, भरवशाला शून्य. उन्हाळ्यात तिचा पेट्रोलचा पंप दम टाकायचा. पावसाळ्यात दिवे आपल्या मर्जीने लागायचे. डॉक्टरांची बायको फिरायला निघताना पर्समध्ये जाडसं पुस्तक ठेवायची, रस्त्याच्या कडेला वाचायला. "ही आपल्याला कुठे नेत नाही," ती पाहुण्यांना सांगायची, "आपणच हिला हवा खायला नेतो."

गाडी घरी आली त्या वर्षी बायकोने सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं की आमच्याकडे दुसरं लेकरू आलंय, रडकं आहे, पण रूप बापाच्या वळणावर गेलेलं नाही हे नशीब. तेव्हापासून गाडी झाली धाकटी. आणि एकुलती एक मुलगी, जिला ना भाऊ ना बहीण, ती झाली थोरली. पुढे थोरलीचं लग्न झालं, तिला स्वतःची मुलं झाली, तरी फोनवर आधी चौकशी व्हायची, "धाकटी कशी आहे?" आणि डॉक्टर दहा मिनिटं सांगत राहायचे.

विषय निघाला तो डॉक्टर गाडीखाली अडकले म्हणून. खाली झोपून काहीतरी आवळत होते, कमरेत उसण भरली आणि कूस बदलता येईना. सकाळी खाली गेलेले, त्यांच्या हाका शेजारणीच्या कानावर पडल्या तेव्हा दुपार कलली होती. थोरली धावत आली. बघते तर बाप खाटेवर बसून चहा पीत होता आणि शेजारणीला हिरड्यांची काळजी कशी घ्यावी ते समजावत होता.

"बाबा, आता पुरे," ती म्हणाली. "माझ्याकडे चला."

"कशाला? तिथे तुझ्या सोफ्यावर उसण भरत नाही?"

"तिथे हाक मारली तर ऐकायला माणूस आहे."

त्यावर डॉक्टरांनी अटीचं काढलं. त्यांचा युक्तिवाद साधा होता. वर्षानुवर्षं बंद पडलेली, सुटे भाग न मिळणारी, इतकी जुनी गाडी जो माणूस एकट्याने सरकारी तपासणीत उभी करून दाखवतो, त्याला स्वतःचं जेवणखाण आणि औषधं सांभाळता येणार नाहीत असं कोण म्हणेल? थोरलीला तो पटला नाही. पण गाडीवर तिचा पूर्ण विश्वास होता. धाकटीने आजवर एकदाही कुणाला वेळेवर पोहोचवलं नव्हतं.

पहिल्या फेरीला अपेक्षेप्रमाणे गाडी नापास झाली. डॉक्टर मात्र घरी आले ते खुशीत. तपासनीसाने दोष लिहून दिले होते: हँडब्रेक एका बाजूला कमी धरतो, पुढच्या ब्रेकचे रबरी पाइप तडकलेत, डावा हेडलाइट आभाळाकडे बघतो, वायपर अर्ध्यात थांबतो, एक टायर म्हातारा झालाय, असंच सगळं. रीतसर महिन्याची मुदत होती, आणि दुसऱ्या फेरीत तेवढेच दोष पुन्हा बघायचे असतात.

"सगळं वरवरचं आहे," त्यांनी थोरलीला फोनवर सांगितलं. "मुळाशी काही नाही. चासीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, कळलं का? एक अक्षर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी धाकटी बहीण सांगाड्याने ठणठणीत आहे."

तो महिना डॉक्टरांच्या आयुष्यातला गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात चांगला महिना गेला, असं म्हणायला हरकत नाही. सकाळी दाढी करून ते गराजमध्ये जायचे, जसे दवाखान्यात जायचे तसे, इस्त्रीचा शर्ट घालून आणि त्यावर जुना पांढरा कोट. ब्रेकच्या आतली एक चिमुकली स्प्रिंग बसवायला त्यांना आख्खी दुपार लागली. स्प्रिंग निसटायची, टणकन कोपऱ्यात जायची, ते गुडघ्यांवर रांगत शोधायचे, पुन्हा चिमट्यात धरायचे, पुन्हा हात थरथरायचा. पण शेवटी बसली. रबरी पाइप त्यांनी परदेशातल्या एका तितक्याच वेड्या म्हाताऱ्याकडून मागवून घेतले. हेडलाइट भिंतीवर खुणा करून सरळ केला.

थोरली मधे एका रविवारी येऊन गेली. सोबत तिने रिकामी खोकी आणली होती, स्वतःच्या गाडीच्या डिकीत, दिसणार नाहीत अशी. डॉक्टरांना ती दिसली. ते तिला गराजमध्ये घेऊन गेले, जॅकवर चढवलेल्या धाकटीखाली सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "ये, झोप. गंमत दाखवतो."

"बाबा, माझी साडी..."

"साडी धुता येते. ये."

बापलेक शेजारी शेजारी उताणे झोपले. वर चासी होती, काळीभोर, घोटलेली, आरशासारखी. डॉक्टरांनी बॅटरी मारली. "यात मी कुठे कुठे भरलंय ते ओळख."

"काय भरलंय?"

ही गोष्ट तिला तोवर ठाऊक नव्हती. ती लग्न होऊन गेल्यानंतरच्या वर्षांत चासीला गंज लागला होता. डॉक्टर गाडी घेऊन पत्रेवाल्याकडे गेले होते. त्याने हातोडीने इथे तिथे ठोकलं आणि हात झाडून म्हणाला, डॉक्टर, एवढं सगळं कापायचं आणि नवं जोडायचं, दुसरा इलाज नाही. डॉक्टर गाडी घेऊन तसेच परत आले. त्यांनी सगळी हयात एकच गोष्ट शिकण्यात आणि पाळण्यात घालवली होती. किडलेलं तेवढं काढायचं, चांगल्याला हात लावायचा नाही. दाढ काढणं कुणालाही येतं. राखणं ज्याला येतं तो डॉक्टर. चांगल्या लोखंडाच्या गजभर पट्ट्या कापून फेकायच्या म्हणजे खाटकाचं काम झालं. त्यांनी दवाखान्यातलं ड्रिल घरी आणलं. गंजाचा एक एक खड्डा कोरून साफ केला, पांढरं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मग दाढा भरायचं तेच मिश्रण, पातळ थरावर थर, प्रत्येक थर निळ्या दिव्याखाली कडक करायचा, वरून घासायचं, घोटायचं, रंग द्यायचा. वर्षभर प्रत्येक सुट्टी त्यात गेली. बायको वरून विचारायची, "पेशंट फार ओरडत नाही ना?"

थोरलीने बोट फिरवून पाहिलं. कुठेच काही लागलं नाही.

"नाही ओळखता येत," ती म्हणाली.

"येणारच नाही." डॉक्टर इतके खूश होते की त्यांनी तिला बॅटरी देऊन टाकली. "भरलेलं ओळखू आलं तर ते भरणं कसलं?"

ती उठली, साडी झटकली. खोकी तिने तशीच परत नेली.

पासिंगच्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. बाप एकटाच गाडी घेऊन जाणार हे तिला पटत नव्हतं. शिवाय निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. डॉक्टर पांढरा कोट घालूनच निघाले. ती वाकून, दुमडून आईच्या जागेवर बसली. गाडी निघाली. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती, स्कूटरवाले बरोबरीने येऊन अंगठा दाखवत होते, एकाने तर लाल सिग्नलला उतरून फोटो काढला. त्याच सिग्नलला धाकटी बंद पडली.

मागून हॉर्नचा गलका सुरू झाला. डॉक्टर शांतपणे उतरले, सीटमागून पाण्याची बाटली आणि फडकं काढलं, फडकं भिजवून मागच्या बाजूला पंपावर ठेवलं आणि हात बांधून उभे राहिले.

"बाबा, लोक शिव्या देतायत."

"देऊ देत. हिला त्या पाठ आहेत."

दोन हिरवे सिग्नल गेले. तिसऱ्याला गाडी चालू झाली. थोरलीला हसू आवरेना. कितीतरी वर्षांनी ती अशी हसली. गाडी पास झाली तरी चालेल, असं त्या वेळी तिच्या मनात आलं असावं. निदान नंतर ती तसं म्हणाली.

तपासणी केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. एका टोकाने गाड्या आत शिरायच्या, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायच्या किंवा पडायच्या नाहीत. तपासनीस अंगाने भरलेला, चष्मा कपाळावर चढवलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. धाकटीला बघून त्याने हातातली गाडी सहकाऱ्यावर सोपवली.

"आलात डॉक्टर? मला वाटलं होतं वाटेत मुक्काम पडेल."

"पडला होता. उठून आलो."

त्याने एकेक दोष घेतला. हेडलाइट सरळ. वायपर पूर्ण फिरतो. टायर नवा. पाइप बघून त्याने भुवया उंचावल्या, "हे कुठून पैदा केलेत?" मग गाडी ब्रेकच्या रोलरवर चढवली. काटा थरथरत वर गेला, दोन्ही बाजूंना सारखा. हँडब्रेकही धरला. शेडमधली बाकीची माणसं कामं टाकून भोवती जमली होती. तपासनीसाने खिशातून पेन काढलं.

"झालं, डॉक्टर. अशी गाडी पास करायला आम्हाला रोज मिळत नाही."

डॉक्टरांनी थोरलीकडे बघितलं. तिने हात जोडून मान लववली, हरले बाबा, असं.

इथेच सगळे आपापल्या घरी गेले असते. पण डॉक्टर खुशीत होते आणि तपासनीसाची दाढ दुखत होती.

"तुम्ही दातांचे ना?" तो म्हणाला. "ही मागची जरा बघता का? आमचा डॉक्टर म्हणतो काढावी लागेल." आणि त्याने तिथेच, रोलरच्या शेजारी, तोंड उघडलं. भोवतीची माणसं हसायला लागली. डॉक्टरांनी त्याच्याच हातातली बॅटरी घेतली, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि आत डोकावले.

"कोण म्हणतं काढा म्हणून? भिंती शाबूत आहेत. कोरून भरली की वीस वर्षं बघायला नको. काढायची घाई असलेला डॉक्टर असेल तर डॉक्टर बदला."

"भरलेलं टिकतं हो?"

"टिकतं?" डॉक्टर म्हणाले. "गाडी वर घ्या. दाखवतो."

आजूबाजूची माणसं, लेकीचे जोडलेले हात, काट्याने दिलेली साक्ष. त्यांना राहवलं नाही. तपासनीसालाही गाडी खालून निवांत बघायची होतीच. गेल्या खेपेला घाईत होतो, तो म्हणाला, आणि तुम्ही खालून एवढी लख्ख ठेवलीय की बॅटरी मारली आणि पुढे गेलो. रॅम्पवर गाडी चढली. दोघे खाली उभे राहिले.

"ओळखा," डॉक्टर म्हणाले. "कुठे कुठे भरलंय?"

तपासनीस चष्मा डोळ्यांवर घेऊन इकडून तिकडे फिरला. नाही ओळखू आलं. डॉक्टरांनी मग बोट लावून दाखवायला सुरुवात केली. हे एक. हे दुसरं, जरा खोल होतं. हे इथलं सगळ्यात अवघड, मागच्या चाकाचा दांडा जिथे चासीला धरतो ना, अगदी त्याच्या मुळाशी; तीन रविवार लागले. ते कोरणं, थर, निळा दिवा, घोटणं सगळं सांगत होते, आणि इतके रंगले होते की तपासनीस कधीचा गप्प झालाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही. थोरलीच्या आलं.

"डॉक्टर," तपासनीस म्हणाला, "दांड्याच्या मुळाशी लोखंड किती उरलं होतं?"

"पुरेसं होतं."

"किती?"

"बाहेरची भिंत थोडी गेली होती. आतली होती की."

तपासनीसाने पेन खिशात ठेवलं. जमलेल्या माणसांना हाताने जा म्हणून खूण केली, आणि ती गेली.

"हे मला चालवून घेता येणार नाही," तो हळूच म्हणाला.

"काय चालवून घ्यायचंय? तुमच्या दोषांत चासी नाही. यादीतलं सगळं झालंय."

"यादीत नाही, कारण मला दिसलं नव्हतं."

"मग आताही दिसत नव्हतंच. मी दाखवलं म्हणून!"

"हो," तपासनीस म्हणाला. "आता दिसलं."

थोरली पुढे आली. "अहो, पण तुम्ही आत्ताच पास म्हणालात ना? सगळ्यांसमोर?" आपण कुणाची बाजू घेतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"ताई, मी म्हणालो. सही केली नाही."

"दाढेवर किती भार येतो माहीत आहे?" डॉक्टरांचा आवाज चढला. "माणूस सुपारी फोडतो त्या दाढेने. आयुष्यभर! मी भरलेल्या दाढा मी नसतानाही राहतील. आणि हे तर साधं..."

"दाढ तुटली तर माणूस दुसऱ्या बाजूने चावतो, डॉक्टर. हे तुटलं तर मागचं चाक गाडी सोडून जाईल." तो थांबला. "हायवेवर नेली होतीत कधी? हे भरल्यानंतर?"

"दर रविवारी. पार घाटापर्यंत. बायकोला घेऊन."

थोरलीने बापाकडे बघितलं आणि मग दुसरीकडे.

तपासनीसाने टेबलावरून एक अणकुचीदार, लांब दांड्याचा टोच्या आणला. गंज बघायला तो वापरायचे. त्याने तो स्वतः लावला नाही, डॉक्टरांच्या हातात दिला.

"तुम्हीच बघा. भरलेल्या जागी नको. त्याच्या शेजारी, चांगल्या लोखंडात."

डॉक्टरांनी टोच्या हातात घेतला. धरण्याची पद्धत आपोआप तीच होती, पेनासारखी, करंगळी टेकवून. भरावाच्या कडेपासून बोटभर अंतरावर, काळ्या चकचकीत रंगावर त्यांनी टोक टेकवलं आणि किंचित दाबलं.

निरोगी दाताला टोक लागलं की ते घसरतं. किडलेल्यात ते रुततं, आणि काढताना जरासं धरून ठेवतं. बाहेरून डाग नसतो, पेशंटला ठणका नसतो, एक्स-रेच्या फोटोतही कधीकधी येत नाही; हाताला मात्र कळतं. ती जाणीव त्या हाताला आख्ख्या आयुष्याची पाठ होती. टोक रुतलं. डॉक्टरांनी आणखी दाबलंही नाही, टोच्या आपल्याच वजनाने आत गेला, आणि बाहेर काढल्यावर त्या भोकातून तांबडी भुकटी त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीवर सांडली. बराच वेळ सांडत होती.

भरावाच्या मागे कीड चालूच राहिली होती. आत ओल कोंडून राहिली, वरून हवा बंद, आणि लोखंड आतल्या आत खात गेलं होतं. असं होतं हे त्यांना माहीत होतं. दवाखान्यात त्यांनी ते शेकडो वेळा बघितलं होतं, दुसऱ्या डॉक्टरांच्या कामात.

त्यांनी दुसऱ्या जागी टोचून बघितलं. मग तिसऱ्या. तपासनीसाने त्यांना अडवलं नाही.

"कापून नवं घालता येईल?" थोरलीने विचारलं.

"कशाला जोडणार?" तपासनीस म्हणाला. "वेल्डिंग धरायला काठ चांगला लागतो. तेव्हा वेळेवर कापलं असतं तर निम्मी चासी वाचली असती. आता आख्खी नवी बनवावी लागेल. बनवणारा मिळाला तरी तिच्यावर नंबर नवा पडेल. कागदावर ती ही गाडी राहणार नाही." एवढं बोलून त्याला वाटलं असावं की फार झालं. "दाखवायला ठेवता येईल. घरात. इंजिन चालू करून ऐकता येईल."

डॉक्टरांनी टोच्या कोटाला पुसून परत दिला.

तपासनीसाने निकाल लिहिला. धोकादायक, रस्त्यावर नेण्यास मनाई, असा शेरा त्यावर पडला. त्यामुळे गाडी चालवत घरीसुद्धा नेता येणार नव्हती. टोइंगच्या गाडीला त्यानेच फोन केला. "डॉक्टर, तुम्ही बोलला नसतात तर..." असं म्हणायला त्याने सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर सोडून पुढच्या गाडीकडे गेला. जाताना त्याने गालावर हात धरला होता.

शेडबाहेर एक बाक होतं. बापलेक त्यावर बसले. समोर पास झालेल्या गाड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या, साध्या, चौकोनी, एकसारख्या, कुणी मान वळवून बघू नये अशा.

"आई बसायची तिथे," थोरली म्हणाली. ती रागावली नव्हती. नुसतं म्हणाली.

"हो."

"आज मी बसले."

"हो."

डॉक्टर बाहीवरची भुकटी झटकत होते. ती जात नव्हती, नुसती पसरत होती.

"बाबा, ते अट-बिट जाऊ दे," थोरली अखेर म्हणाली. "आपण आपसात बोललो होतो, कुणी साक्षीदार नव्हता. राहा तुम्ही घरी. खरंच. तुम्हाला आवडतंय ना तिथे, मग राहा. मी येत जाईन."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट बघितलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पोटाचे एक मोठे डॉक्टर बसायचे. ज्या पेशंटचं काही करण्यासारखं उरलेलं नसायचं, त्याला ते याच आवाजात सांगायचे, आता पथ्य नको, खा काय हवं ते. पेशंट खूश होऊन जिना उतरायचे.

"नको," ते म्हणाले.

"का? मी मनापासून म्हणतेय."

"कळतंय मला. म्हणूनच नको." त्यांनी हात पुढे केला. तो थरथरत होता, नेहमीसारखाच. "हे मला माहीत होतं. कुणी सांगायच्या आत माहीत होतं, म्हणून दवाखाना बंद केला. मला वाटायचं, हात गेले तरी बाकी सगळं जागेवर आहे." त्यांनी शेडकडे मान हलवली. "हे माहीत नव्हतं. पंधरा वर्षं छातीठोकपणे माहीत नव्हतं. आता घरात आणखी काय काय असेल, कुणाला ठाऊक. मला विचारू नकोस. मी सांगेन, सगळं ठणठणीत आहे."

बापाशी खोटं बोलायची थोरलीला सवय नव्हती.

"कुठली खोली म्हणत होतीस?" त्यांनी विचारलं.

"मागची. छोटी आहे. उजेड कमी येतो."

"चालेल. बारीक काम कुठे करायचंय आता."

टोइंगची गाडी आली. ड्रायव्हर उतरला, धाकटीभोवती एक चक्कर मारली आणि शीळ घातली. "काय चीज आहे, आजोबा! काय झालंय हिला? दिसायला तर काहीच दिसत नाही."

डॉक्टरांनी त्याला साखळी कुठे लावायची नाही ते दाखवलं. तो ऐकत होता आणि मान डोलवत होता. गाडी तिरकी होत होत वर चढली, नाक आभाळाकडे करून. त्याने पट्टे आवळले, मग पत्ता विचारला. डॉक्टरांनी पत्ता सांगितला. कुठे वळायचं, कुठली गल्ली अरुंद आहे, गराजचं दार आत उघडतं की बाहेर, सगळं.

"उतरवून घ्यायला तिथे कुणी असतं ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"आज मी आहे," डॉक्टर म्हणाले.